अ‍ॅम्प झोपलाय

गाडीतल्या स्टिरिओचा टचस्क्रीन बोटाला दाद देईना, म्हणून नवा घेतला. साध्या गाडीत हे काम किरकोळ असतं. जुना ओढून काढायचा, कपलर बदलायचा, डबल डिनची, म्हणजे दुप्पट उंचीच्या खाचेची, फ्रेम बसवायची. पण माझ्या गाडीत कंपनीचा ‘प्रीमियम साउंड’ आहे. नवा स्टिरिओ लागला, स्क्रीन झळाळली, गाण्याचं नाव सरकू लागलं आणि आवाज शून्य.

शेजारी सीट कव्हरसाठी आलेले एक काका खुर्ची ओढून बसले होते. ते म्हणाले, “आवाज वाढवा.”

“वाढवलाय, काका.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“मग कमी करून परत वाढवा.”

मी केलं. का केलं, ते विचारू नका.

फिटर डॅशबोर्डात मुंडकं घालून म्हणाला, “अ‍ॅम्प झोपलाय, साहेब.” या गाडीत स्टिरिओ नुसता बारीक सिग्नल देतो, जोर लावणारा अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, डिकीत असतो आणि त्याला वेगळ्या वायरने बारा व्होल्ट मिळाल्याशिवाय तो जागा होत नाही.

“डिकीत झोपतो?” काकांचा चेहरा उजळला. “मग डिकी आपटा की जोरात!”

“काका, वायर द्यावी लागते.”

“आमच्या टेपला दोनच वायरी होत्या. एक लाल, एक काळी. एकदाही झोपला नाही.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही गाणी कुठली लावता?” मी सांगितली. काका थोडा वेळ गप्प राहिले. “मग झोपेल नाहीतर काय करेल.”

अ‍ॅम्प उठला, तर आवाज फाटका. नव्या स्टिरिओचं स्पीकरचं आउटपुट, म्हणजे आधीच जोर लावलेलं, फिटरने सरळ अ‍ॅम्पच्या तोंडात दिलं होतं. ते काढून आरसीएची, म्हणजे बारीक सिग्नल नेणारी, केबल टाकली. आता आवाज स्वच्छ, पण मागे बारीक शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीही चढायची. अर्थिंगचा घोळ, गाडीत वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज आत शिरत होता.

“बेस आला!” काका म्हणाले.

अ‍ॅम्पच काढून टाकावा म्हटलं, तर त्याचे स्पीकर दोन ओहमचे आणि नवा स्टिरिओ चार ओहमचे मागतो. जोडले तर ते जास्त करंट ओढणार आणि त्याच्यावर ताण. काही गाड्यांत तर स्टिरिओपासून अ‍ॅम्पपर्यंत तांब्याची वायरच नसते, प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, तिथे फिटरच्या पक्कड-टेपचा काय उपयोग? बरं, हे सगळं आम्ही हौसेने जादा पैसे मोजून घेतो. ज्याने स्वस्तातलं मॉडेल घेतलं तो केव्हाच स्टिरिओ बदलून गाणी ऐकत घरी गेला. गाडी माझ्या नावावर, हप्ते मी फेडले आणि साधा रेडिओ बदलायचा तर कारखान्यात कोणीतरी आधीच ठरवून ठेवलंय की नाही बदलायचा. याचा राग अजून गेलेला नाही.

अर्थिंग बदलल्यावर शिट्टी गेली. पण स्टिअरिंगवरची बटणं मेली आणि सीट बेल्टची टिंगटिंगही, कारण तीही जुन्या स्टिरिओतूनच यायची. रिव्हर्सची बीपसुद्धा. त्यासाठी कॅनबसचं, म्हणजे गाडीच्या भागांमधले निरोप नेणाऱ्या वायरिंगशी बोलणारं, वेगळं मॉड्यूल लागतं. ते मागवावं लागेल, असं फिटरने बिल हातात दिल्यावर सांगितलं.

“मग मागे घेताना कळणार कसं?” मी विचारलं.

“मी आहे ना,” म्हणत काका गाडीमागे जाऊन उभे राहिले. “घ्या. बीप. घ्या अजून. बीप. बीप.” त्यांचं सलग ‘बीऽऽऽप’ सुरू झालं तेव्हा मागचा बंपर खांबाला टेकला होता.

“टेकली,” काका म्हणाले.