एलीयाचा चुकलेला हिशेब

पोस्ट लांब आहे. रविवार आहे, लाइट गेलीय आणि मोबाइलला अजून चार्जिंग आहे, म्हणून लिहितेय.

मी भुसावळची. रोज एसटीने सावद्याला जाते, केळीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. काट्यावरचं वजन, नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) भाव, पिलबागेचा (खोडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा) भाव, ट्रकभाडं. दुसऱ्यांचे आकडे जुळवण्यात दिवस जातो. स्वतःचे मात्र मेपासून जुळेनात. वादळात भावाची कापणीला आलेली बाग आडवी झाली. सोसायटीच्या कर्जाला जामीन मी. घरात सासऱ्यांना लकवा, त्यांचं सगळं अंथरुणातच. पोरगी बारावीला. वर ४५ डिग्री ऊन.

चर्चमध्ये प्रार्थनेची विनंती दिली, तर एक बाई म्हणाल्या, "विश्वास कमी पडतोय तुझा." डोकंच फिरलं. म्हणजे हप्त्यांबरोबर आता विश्वासाचीही थकबाकी!

त्या रात्री बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढला. संडेस्कूलपासून ऐकलेला. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांपुढे उभा ठाकलेला देवाचा संदेष्टा एलीया, ईजबेल राणीच्या जिवे मारण्याच्या एका निरोपाने पळत सुटतो. रानात झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे, मला मरण दे. आणि झोपतो. तेव्हा दूत येऊन त्याला हलवतो: ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. गडी खातो आणि पुन्हा आडवा होतो! एवढा मोठा संदेष्टा आणि लोळतोस काय, असं कोणी म्हणत नाही. दुसऱ्यांदा उठवतानाही खायलाच सांगतात, कारण पल्ला लांबचा आहे. "इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर.

माझ्यातली हिशेबवाली तिथे अडकली. एलीया दोनदा तेच सांगतो: मी एकटाच उरलोय. अहो, मागच्याच अध्यायात राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने त्याला तोंडावर सांगितलं होतं, मी १०० संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहेत लपवलेत, अन्नपाणी देऊन जगवलेत. ती नोंद याच्या वहीत चढलीच नाही. शेवटी देवच आकडा सांगतो: बआलापुढे न झुकलेले ७००० जण अजून आहेत. मी रात्री पेंगत केलेल्या बेरजा सकाळी तपासते, तेव्हा चुका बहुतेक जमेच्या बाजूलाच निघतात.

पुढच्याच आठवड्यात एसटी वाटेत बंद पडली. घरी पोचायला नऊ वाजले. ओट्यावर शेजारच्या काकूंचा डबा. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. सासऱ्यांना त्यांनीच भरवलं होतं. मी काही बोलायला गेले आणि रडूच फुटलं. "पहिले जेवून घे, मंग रड," म्हणाल्या. काकूंना एलीया ठाऊक नाही, त्यांचे शुक्रवार संतोषीमातेचे. पण ती भाकरी कोणी धाडली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. (पाळकसाहेबांना सांगितलं तर ते नुसते हसले.)

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पंचनामा झालाय, विम्याचे पैसे नाहीत. हप्ता तेवढाच. पण मंडळीतल्यांनो, दमलेल्या माणसाचा विश्वास मोजायला जाऊ नका. आधी त्याच्या घरी चूल पेटलीय का बघा. आपण बायबलचं वचन फार लवकर काढतो.

वहीच्या शेवटच्या पानावर मी जमेची नावं लिहायला घेतलीत. सासऱ्यांना कूस बदलून द्यायला येणारा चर्चच्या तरुण संघातला पोरगा. पोरीला फुकट फिजिक्स शिकवणारे सर. भावाला उधारीवर रोपं देणारा नर्सरीवाला. काल रात्रीपर्यंत अकरा झाली. काकूंचं नाव पहिलं.

त्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा परत देणार? लाइट आली की बट्टीचं पीठ मळते.