स्तंभांच्या नावांतील मोकळ्या जागेविषयी खुलासा

आर (R) ही आकडेवारीच्या विश्लेषणासाठीची संगणकीय भाषा आहे आणि डेटा फ्रेम म्हणजे तिच्यातील ओळी-स्तंभांचा तक्ता. ‘आर भाषेतील डेटा फ्रेममध्ये स्तंभाच्या नावात मोकळी जागा चालतच नाही, म्हणून तिथे टिंब येते’ असा संदेश सध्या फिरतो आहे. त्याचे मूळ माझ्याच जुन्या टिपणात आहे आणि ते विधान चुकीचे होते.

नाव बदलते ते डेटा फ्रेममुळे नव्हे, तर फाइल वाचणारे ‘रीड डॉट सीएसव्ही’ (read.csv) आणि तक्ता बनवणारे ‘डेटा डॉट फ्रेम’ (data.frame) या फंक्शनांतील ‘चेक डॉट नेम्स’ (check.names) या पर्यायामुळे, कारण त्याचे मूल्य आपण दिले नाही तर ते ‘ट्रू’, म्हणजे नावे तपासून बदलणे चालू, असे धरले जाते. मदत-पानावर हे स्पष्ट लिहिलेले आहे. ते मी तेव्हाच वाचायला हवे होते. खात्रीसाठी इंग्रजीत ‘टोटल मार्क्स’ आणि ‘2023’ अशी शीर्षके असलेली फाइल वाचून पाहिली, तेव्हा पहिल्यात टिंब आले आणि दुसऱ्याच्या आधी ‘एक्स’ हे अक्षर लागले. पर्याय ‘फॉल्स’ (बंद) करताच दोन्ही नावे जशीच्या तशी राहिली. अशी नावे दुहेरी चौकटी कंसात ([[ ]]) अवतरणचिन्हांसह लिहिता येतात, फॉर्म्युल्यात (स्तंभांमधील संबंध मांडणाऱ्या सूत्रात) मात्र बॅकटिक (`) हे चिन्ह लागतेच.

मोकळी जागा टाळणे सोयीचे आहे, हे माझे मत कायम आहे. पण ती सोय आहे, बंधन नव्हे. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.