इतर पासपोर्ट

विमानात आमच्या दोन सीटच्या मध्ये हात टेकायला एकच दांडा होता. चौदा तासांत त्यावरून दोनदा भांडण आणि एकदा समेट झाला. म्हणजे सगळं रीतसर नवरा-बायकोसारखं चाललं होतं. मग विमान उतरलं, लांबलचक बोळ तुडवत आम्ही इमिग्रेशनच्या हॉलमध्ये आलो आणि तिथल्या दोन पाट्यांनी आमची फारकत करून टाकली. एका पाटीवर ‘नागरिक’, दुसरीवर ‘इतर पासपोर्ट’. देश नवऱ्याचा, त्यामुळे तो नागरिक. मी इतर. फॉर्ममध्ये सर्वांत शेवटी, कुठेच न बसणाऱ्यांसाठी ‘इतर’ असा एक रकाना असतो ना, आता मी सदेह त्या रकान्यात उभी होते.

त्याच्या रांगेला रांग म्हणणं म्हणजे रांगेचा अपमान. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, मधूनमधून बाणाच्या टोकांसारख्या खुणा असलेल्या. यंत्र त्या वाचतं, आतली चिप तपासतं, फोटो आणि चेहरा ताडून बघतं आणि दार उघडतं. फोटोत हसायला बंदी असते, त्यामुळे यंत्रापुढेही चेहरा कोराच ठेवावा लागतो. माझ्या नवऱ्याला ते बारा महिने जमतं. अडचण एकच, त्याला नावं चार आहेत. त्या ओळीत नावासाठी जागा ३९ अक्षरांची, म्हणून चौथं नाव मध्येच तुटलंय. यंत्राचं त्यावाचून काही अडलं नाही. दार उघडलं, तो पलीकडे गेला, वळून त्याने प्रेमाने हात हलवला, आणि त्याच क्षणी मला त्याच्या खांद्यावरची निळी पिशवी दिसली.

त्या पिशवीत फाईल होती. विवाहाचा दाखला, त्याचं प्रमाणित भाषांतर, परतीचं तिकीट, सासरच्या पत्त्याचा पुरावा, असं सगळं पारदर्शक कप्प्यांत घालून मी तीन रात्री जागून ती फाईल लावली होती. केवळ मला विचारलं तर दाखवायला म्हणून. ती आता माझ्याआधी देशात दाखल झाली होती. दार एकाच दिशेने उघडणारं. भिंतीवर फोनचं चित्र आणि त्यावर लाल फुली.

माझी रांग पट्ट्यापट्ट्यांनी नागमोडी वळवलेली होती. अशा रांगेत तीच माणसं पुन्हापुन्हा समोरून येतात. पहिल्या वळणावर आपण नजर चुकवतो, तिसऱ्याला ओळखीचं हसतो, सहाव्या वळणापर्यंत त्यांच्या बाळाचा कुठला दात येतोय तेही कळलेलं असतं. उरलेल्या वेळात मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, बायकांना स्वतःची रांग तरी कुठे होती? जुन्या ब्रिटिश पासपोर्टात ‘धारक’ आणि शेजारी ‘पत्नी’ असे दोन रकाने असायचे. धारक निघाला की पत्नी निघायची. अमेरिकेत १९०७च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या बाईचं नागरिकत्वच जायचं, ते बरंचसं सावरलं १९२२ साली. विवाहित स्त्रीच्या राष्ट्रीयत्वाचा संयुक्त राष्ट्रांचा करार झाला तोही १९५७मध्ये. तेव्हा ही रांग माझ्या हक्काची आहे, असं मी मनाला ठणकावून सांगितलं. मन ऐकत होतं, पायांनी मात्र त्यात भाग घेतला नाही. युरोपीय संघात प्रवास करताना तिथल्या नागरिकाच्या परदेशी जोडीदारालाही नागरिकाबरोबर त्याच रांगेतून जाता येतं म्हणे. आमच्या दोघांचेही पासपोर्ट त्या संघाबाहेरचे. नवरा निवडताना हा मुद्दा बघायचा राहून गेला.

शेवटी काउंटर आला.

‘‘एकट्याच आलात?’’

‘‘नाही, नवऱ्याबरोबर.’’

‘‘कुठे आहेत?’’

मी काचेपलीकडे बोट दाखवलं. तिथे खांब होता. ‘‘आत्ता होते,’’ मी म्हणाले. हे वाक्य इमिग्रेशनच्या काउंटरवर कुणीही, कधीही उच्चारू नये.

‘‘लग्न कधी झालं?’’

आता आमचं लग्न दोनदा झालंय. एकदा त्याच्या देशात नोंदणी पद्धतीने आणि पाच महिन्यांनी माझ्या देशात, नातेवाइकांच्या समाधानासाठी. ‘‘कुठलं सांगू?’’ मी प्रामाणिकपणे विचारलं. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं.

‘‘पती काय करतात?’’

हे मला लग्नाआधीही नीट कळलं नव्हतं. त्याच्या पदाच्या नावात ‘सोल्यूशन्स’ आहे, ‘इंटिग्रेशन’ आहे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर डोकं दुखणं आहे. मी म्हटलं, ‘‘कॉम्प्युटर.’’ अधिकारी माझ्याकडे पाहत राहिला. मीही चेहरा फोटोतल्यासारखा ठेवला.

तेवढ्यात खांबाआडून नवरा प्रकटला. एकंदर रागरंग पाहून त्याने फाईल काढली, कप्पे धुंडाळले, एक कागद उपसला आणि विजयी मुद्रेने काचेला चिकटवून धरला. प्रवास विम्याच्या अटी, पान तिसरं. तेही उलटं.

अधिकाऱ्याने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘हेच का?’’

मी जरा थांबले. मग हो म्हणाले.

शिक्का पडला.

पलीकडे नवऱ्याने सामान उतरवून कस्टम्सचा फॉर्मही भरून ठेवला होता. ‘‘एकच कसा?’’ मी विचारलं. त्याने वरची सूचना दाखवली : एका कुटुंबाला एकच फॉर्म. म्हणजे पन्नास पावलांमागे आम्ही दोन वेगळ्या पाट्यांखालची माणसं होतो, आणि जकातीचा प्रश्न येताच एक कुटुंब. सही कुटुंबप्रमुख म्हणून त्याची.

कस्टम्सवाल्याने फॉर्म वाचला आणि आमच्या सर्वांत फुगलेल्या बॅगेवर बोट ठेवलं. ‘‘ही कोणी भरली?’’

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.

‘‘कुटुंब,’’ तो म्हणाला आणि बॅग उघडायला सांगितली.