तीन हजारांतले दोघे

‘अमेरिकेत तीन हजार जणांची पाहणी झाली. समलिंगी पालकांकडे वाढलेली मुले नैराश्यात आणि बेकारीत पुढे निघाली. आपल्या सुप्रीम कोर्टानेही तेच मानले.’ हा मेसेज गोव्यात म्हापशापासून काणकोणापर्यंतच्या ग्रुपांवर फिरतो आहे. पाहणी खरी आहे. टेक्सास विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांनी ती २०१२ साली छापली.

‘तीन हजार’ म्हणजे सगळे उत्तर देणारे, नेमके २,९८८. त्यांतून समलिंगी पालकांचे म्हणून बाजूला काढले ते २३६: आईमुळे १६३, वडिलांमुळे ७३. बाजूला काढले कसे, तिथेच खरी गोम आहे. १८ ते ३९ वयाच्या माणसांना विचारले, की तुमच्या लहानपणी आईचे किंवा वडिलांचे कधी समलिंगी प्रेमसंबंध होते का? ‘हो’ म्हटले की नाव यादीत. संबंध चार महिने टिकला की दहा वर्षे, मूल त्या जोडप्याच्या घरात राहिले की आजीकडे, याने यादी बदलत नव्हती. जन्मापासून अठरा वर्षे आई आणि तिची जोडीदार यांच्याच घरात वाढलेले त्यात निघाले फक्त दोघे.

तुलनेला घेतले ज्यांचे जन्मदाते अजून एकत्र नांदतात असे ९१९. पहिल्या यादीत मोडलेली लग्ने आणि बदललेली घरे भरपूर. झाडावरून हाताने उतरवलेले मानकुराद आंबे एका पाटीत, पावसात गळालेले दुसरीत, आणि दोष द्यायचा पाटीला!

२०१५ साली सायमन चेंग आणि ब्रायन पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी तीच माहिती पुन्हा तपासली. यादीत २५ वर्षांचा एक गृहस्थ सापडला: उंची ७ फूट ८ इंच, वजन ४० किलो, लग्ने आठ, मुले आठ. असली थट्टेची उत्तरे आणि त्या पालकाकडे कधी राहिलेच नाहीत असे लोक वगळल्यावर बहुतेक फरक उरलेच नाहीत.

उलट बाजूचे सगळेच अभ्यास भक्कम आहेत असेही नाही. १९८६ पासून चाललेल्या अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध पाहणीत ७८ मुले होती, तीही स्वतःहून पुढे आलेल्या कुटुंबांतली. म्हणून वजन द्यायचे ते नेदरलँड्सच्या २०२० च्या अभ्यासाला. तिथे सरकारी नोंदींतून समलिंगी जोडप्यांची २,९७१ आणि इतर जोडप्यांची दहा लाखांहून जास्त मुले जन्मापासून पाहिली. समलिंगी जोडप्यांची मुले शाळेत थोडी पुढेच निघाली. ही जोडपी सरासरीने जास्त शिकलेली आणि सुस्थितीतली होती, हेही त्याचे एक कारण.

राहिले कोर्ट. समलिंगी विवाहाबाबतच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचांपैकी तिघा न्यायाधीशांनी जोडीने दत्तक फक्त विवाहित जोडप्यालाच घेता येईल हा नियम रद्द करायला नकार दिला. समलिंगी जोडपी चांगले पालक होऊ शकत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही, हे बहुमताच्या निकालपत्रातच आहे. एकट्या व्यक्तीला आजही दत्तक घेता येते, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. त्यामुळे पणजीतल्या समलिंगी जोडप्याच्या घरात कागदावर पालक एकच. गोव्याच्या वारसा कायद्यात मालमत्तेचा अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो. दुसऱ्या पालकाच्या मालमत्तेत मात्र त्या मुलाला तो मागता येत नाही.