आफ्रिकन स्वाइन फीवर : डुकरं हाकलली की रोग जाईल का?

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या बेळगाव-खानापूर भागात डुकरं गटारीतून मोकाट फिरतात, स्वाइन फ्लूसारखा हा रोग हवेतून पसरतो आणि मी डुकरं पाळणाऱ्यांची उगाच बाजू घेतो. त्यांना जनावरांसकट गावाबाहेर हलवलं की प्रश्न मिटेल, असं तुम्ही म्हणता. शिवाय डुकराचं मांस खावं की नाही, असंही विचारलंत.

स्वाइन फ्लू आणि हा रोग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होतच नाही. तो फक्त डुकरांना होतो, मग ती पाळीव असोत की रानातली. हवेतून तो गल्ली ओलांडून जात नाही, जवळ जवळ बांधलेल्या जनावरांत काय जाईल तेवढाच. पण ज्या डुकराला होतो ते बहुतेक मरतंच. त्यावर औषध नाही आणि आपल्या देशात वापरात असलेली लसही नाही. डुकरांच्या जुन्या तापावर, म्हणजे क्लासिकल स्वाइन फीवरवर, लस आहे. ती टोचून घेतली म्हणून हा रोग अडत नाही. ही गल्लत पाळणाऱ्यांतही होते.

मोकाट डुकरांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हा रोग १९७८ साली शिरला आणि चाळीसहून अधिक वर्षं हटला नाही. डोंगरात मोकळी सोडलेली डुकरं हे त्याचं एक मोठं कारण होतं. डुकरं बांधून ठेवायलाच हवीत, हे मी त्या लेखातही लिहिलं होतं.

पण एका वस्तीतून दहा मैलांवरच्या दुसऱ्या वस्तीत हा रोग डुक्कर चालत गेल्यामुळे पोचत नाही. तो माणूस पोचवतो. कसा, ते नीट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

परसात चार-सहा डुकरं पाळणारा माणूस विकतचं खाद्य घालत नाही, त्याला ते परवडत नाही. तो हॉटेल, खानावळ, मंगल कार्यालयातलं खरकटं बादल्या भरून आणतो. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, हाडं, धुतलेलं पाणी असतं. ते मांस कुठून आलं हे कुणालाच माहीत नसतं. हा विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं आणि खारवलेल्या मांसात महिनोन् महिने तग धरतो. आपल्याकडे चोर्ला घाटातून गोव्याची ये-जा रोजची आहे, तेव्हा मांसही रोज घाट चढतं-उतरतं. चीनमध्ये २०१८ साली रोग शिरला तेव्हा सुरुवातीच्या कित्येक ठिकाणी मूळ या खरकट्यातच सापडलं.

मग पहिलं डुक्कर मरतं. इथे हा रोग फसवतो. तो सगळा कळप एका रात्रीत झोपवत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ४ ते १९ दिवस जाऊ शकतात. एक मेलं तरी बाकीची धडधाकट दिसतात. मालकाला वाटतं, ऊन लागलं, साप चावला, कुणी विष घातलं. दुसरं आजारी पडलं की तो घाबरतो आणि जे हाती लागतं ते वाचवायला बघतो. आजारी जनावर कापून मांस वाटून टाकतो, उरलेली पडेल भावात व्यापाऱ्याला देतो. कापताना सांडलेल्या रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो. ते रक्त चपलेला, सुरीला, मोटारसायकलच्या टायरला लागतं. व्यापारी त्याच गाडीने पुढच्या वस्तीत जातो. पिल्लं खच्ची करणारा तेच पातं घेऊन घरोघर फिरतो. डुकरीण माजावर आली की नर शेजारच्या वस्तीतून आणला जातो. यात कुणाच्याही मनात पाप नसतं. ज्याची वर्षाची कमाई त्या चार जनावरांत आहे, तो आणखी काय करणार?

म्हणून तुमचा उपाय मला धोक्याचा वाटतो. पाळणाऱ्यांना हाकलायचं ठरलं की ते आधी जनावरं विकतील किंवा रातोरात पाहुण्यांकडे नेतील, कुणी चंदगडला, कुणी हुक्केरीला. म्हणजे एका वस्तीत अडवता आला असता तो रोग दहा ठिकाणी जाईल. मेलेली जनावरं नाल्यात किंवा रानाच्या कडेला पडतील. आसामात २०२० साली हा रोग आला तेव्हा ब्रह्मपुत्रेतून मेलेली डुकरं वाहत आली आणि काझीरंगात रानडुकरं वाचवायला चर खणावा लागला. खानापूरच्या जंगलात, भीमगडच्या बाजूला रानडुकरं किती आहेत ते तुम्ही जाणता. ती रात्री उसात, भातात उतरतात. त्यांच्यात रोग गेला तर आवरणं फार कठीण. चोरून मारलेल्या रानडुकराची आतडी घरच्या डुकरांपुढे टाकली तरी तेच.

२०२२ साली लंपी आली तेव्हा आपण काय केलं ते आठवा. जनावरांचे बाजार बंद झाले, लस टोचली गेली, गाय मेली त्या घरी लोक भेटायला गेले. गाय पाळणाऱ्याला गावाबाहेर काढा असं कुणी म्हटलं नाही. डुकरं पाळणारी वडार, कैकाडी कुटुंबं आपलीच गावकरी आहेत. त्यांची जनावरं मेली तर तेही नुकसानच आहे, आणि हे मी कळकळीने म्हणतो.

रोगाची खात्री झाली की सरकार १ किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतं आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतं. २०२२ साली आपल्या राज्याला लागून असलेल्या वायनाडमध्येही असंच झालं. भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी निम्मी देतात, पण ती सरकारने मारलेल्या जनावरांची. आधीच मेलेल्या जनावराचे पैसे मिळत नाहीत. हे पाळणाऱ्याला आधी कळलं आणि पैसे वेळेवर मिळतील असा भरवसा वाटला, तर पहिलं डुक्कर मेल्याबरोबर तो स्वतः गुरांच्या दवाखान्यात येईल. तुमच्या पंचायतीत तुमचा शब्द चालतो असं तुम्ही लिहिलंय. मग हे वस्तीवर जाऊन सांगण्यासाठी तो वापरा. खरकटं घालायचंच असेल तर तासभर खळखळून उकळा, ढवळत राहा. मेलेलं डुक्कर कापू नका, खोल पुरा. व्यापाऱ्याला गोठ्यात घेऊ नका, सौदा रस्त्यावर करा. गोठा आधी घासून धुवा, मगच ब्लिचिंग टाका, घाणीवर ते काम करत नाही.

मांसाचं म्हणाल तर हा रोग खाण्यातून माणसाला होत नाही. चांगलं शिजवलेलं मांस खायला हरकत नाही. फक्त कच्चे तुकडे, हाडं आणि मांस धुतलेलं पाणी गटारीत टाकू नका. तिथे वस्तीची डुकरं येतात, हे तुम्हीच लिहिलंय.