सगळंच कसं 'ड्रास्टिक'?

टोमॅटो दहा रुपयांनी चढला, ड्रास्टिक. केस दोन बोटं कापले, ड्रास्टिक चेंज. साहेबांच्या स्लाइडवर विक्री 2 टक्क्यांनी उतरली, तीही 'ड्रास्टिकली'! अरे, उतरली म्हणा की नुसतं!

हा शब्द इंग्रजीत रुळला तो औषधाच्या कपाटातून. सतराव्या शतकाच्या अखेरीस पोट पार धुऊन काढणाऱ्या रेचकाला ड्रास्टिक म्हणत. औषधशास्त्रात जमालगोटा आजही ड्रास्टिक रेचकच आहे, आणि त्याच्या तेलाचा एक थेंब आतडी पिळवटून काढतो. इतका जहाल शब्द आपण भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा वापरतोय.

मागच्या महिन्यात ताईचा मेसेज आला, "आईची शुगर ड्रास्टिकली वाढलीय." वाचला आणि मोबाइल बाजूला ठेवला. कारण आदल्याच दिवशी तिने लिहिलं होतं, कामवाल्या मावशींच्या दांड्या ड्रास्टिकली वाढल्यात. रात्री फोन केला तेव्हा कळलं, आकडा 380 होता. तीनशे ऐंशी! दिवसभर आई घरात तशीच बसून होती, घशाला कोरड पडलेली, आणि मी निवांत.

आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का? उपाय जालीम असतो, बदल आमूलाग्र होतो, भाव भडकतात, तब्येत झपाट्याने ढासळते. 'ढासळली' म्हटलं असतं तर मी तडक उठून निघालो असतो.

ताई, पुढच्या वेळी नुसता आकडा लिही गं.