सुरक्षित जागा देणे आहे

पुण्यात ‘जागा’ म्हटलं की माणूस आधी कार्पेट किती ते विचारतो. त्यामुळे शाळेच्या कार्यकारिणीत नव्याने आलेल्या एखाद्या बाई ‘समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांसाठी सुरक्षित जागा हवी’ असं म्हणाल्या, तर दचकू नका. देऊन टाका. जिन्याखालची असते ना, लेझीम आणि बंदी आल्यापासून लपवलेलं मखराचं थर्माकोल ठेवतो ती! थर्माकोल जरा भिंतीकडे सरकवलं की एक मूल आरामात मावतं.

मग पाटी. हा तर आपला हातखंडा. ‘येथे भेदभाव करू नये. झाल्यास संस्था जबाबदार नाही.’ खाली बारीक अक्षरात, ‘आत येण्यापूर्वी पालकांची चिठ्ठी दाखवावी.’ शेजारी चित्रकलेच्या सरांकडून इंद्रधनुष्य काढून घ्या. विज्ञानाच्या बाई सात रंग म्हणतील, कोणीतरी मोबाइलवर बघून प्राइडच्या झेंड्यात सहाच असतात म्हणेल. हा वाद मिटवू नका. बैठकीचा उरलेला वेळ त्यातच निघतो आणि चहा येतो.

आता समजा, पाटी वाचून एक मुलगा खरंच आला. नववीतला. हजेरीत त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून टाळी वाजते. ‘बायल्या’ हे त्यातलं सौम्य. एकदा त्याला मुलांच्या मुतारीत कोंडून ‘बघू तरी’ असं झालंय. तेव्हापासून तो शाळेत पाणी पीत नाही. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी नेतो आणि आईची बोलणी खातो.

तुमचा पहिला प्रश्न असावा, ‘पण तू काय केलंस?’ दुसरं वाक्य, ‘अरे, सगळ्यांनाच चिडवतात. आम्हाला ढापण्या म्हणायचे.’ तुम्हाला ढापण्या म्हणणाऱ्यांनी त्यासाठी कधी कोंडलं नव्हतं, एवढा तपशील गाळा.

(आमच्याही वर्गात असा एक होता. मी कधी टाळी वाजवली नाही, फक्त हसायचो. विनोद काही फार चांगला नसे. पण वर्गात सुरक्षित जागा तेवढी एकच होती, हसणाऱ्यांच्या बाकावर. आणि ती भरत आली होती.)

टाळी वाजवणाऱ्यांना मुळीच बोलावू नका. एक देणगीदारांचा नातू, दुसरा शंभर मीटरमध्ये जिल्ह्यात पहिला. समुपदेशन करायचं ते या मुलाचं. चाल जरा सरळ कर, हात कमी हलव, आवाज जाड काढ. हे सांगताना भिंतीवरच्या बालगंधर्वांच्या तसबिरीकडे पाहू नका. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष शालू नेसून रंगमंचावर उभा राहिला की घराघरांतल्या बायका त्याच्या साडीची, दागिन्यांची नक्कल करत, हे आपण पाहुण्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्यांच्या नावाचं रंगमंदिर पाडू म्हटलं तर आपण रस्त्यावर उतरू. पण ते गंधर्व. हा नववी ब.

तरीही नाही सुधारला, तर आईवडिलांना बोलवा. घरी त्याने अजून काही सांगितलं नसेल तर उत्तमच. आपणच सांगून टाकायचं, तेवढंच त्याचं ओझं हलकं. वडील डॉक्टरकडे नेतो म्हणतील. इथे थोडी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली, आणि आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असं ‘बदलून देणं’ हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. पण त्यासाठी आधी डॉक्टर असावं लागतं. कोणाच्या तरी मामांच्या ओळखीचे एक गुरुजी असतातच.

पूर्वी ‘बेकायदेशीर आहे’ एवढं म्हणून उठता यायचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगून ती सोय काढून घेतली. हरकत नाही. ‘वय लहान आहे’ म्हणा. टाळी वाजवणाऱ्यांचंही तेवढंच आहे, त्यामुळे हे वाक्य दोन्हीकडे चालतं.

तुमची संस्था महाविद्यालय चालवत असेल तर सावध राहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवून लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर असण्यावरून दिलेला त्रासही त्यात घेतला आहे. रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र प्रत्येक विद्यार्थी भरून देतो. त्यात नेमकं काय काय आलं हे कोणाला वाचून दाखवू नका, म्हणजे झालं. शाळांचं सोपं आहे. ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं याची शिक्षकांसाठीची पुस्तिका एनसीईआरटीने २०२१ मध्ये संकेतस्थळावर टाकली आणि तक्रार होताच काही दिवसांत उतरवली. इतकी तत्परता आपल्याला टाळीच्या बाबतीत जमायची नाही.

सूचनाफलकाचंही बघा. तिथे मुलांसाठीचा १०९८ किंवा मन खचलेल्यांसाठीचा टेलि-मानसचा १४४१६ असले नंबर लावू नयेत, मुलं फोन करतात. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यातच २००२ मध्ये अशा लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट काढला, २०११ पासून इथे प्राइडची फेरी निघते, हेही कळू देऊ नये. त्याच्यासारखी माणसं याच गावात मोठी होऊन, नोकरीबिकरी करून नीट जगताहेत असं एकदा मुलाला दिसलं की आपल्या जिन्याखाली कशाला येईल?

वर्षअखेरीला अहवालात लिहा, ‘सुरक्षित कक्ष : एक. लाभार्थी : एक.’ मुलाने मध्येच दाखला नेला असेल, तर ‘लाभार्थी’ तसंच राहू द्या, ‘कौटुंबिक कारण’ असा शेरा पुरतो.

खोली झाडताना थर्माकोलमागे त्याची बाटली सापडेल. भरलेली असेल. शिपायाला म्हणावं, ओतून देऊ नकोस, दारातल्या कुंड्यांना घाल. पाणी जपून वापरावे, अशी पाटी आपणच लावली आहे.